हृदयातील भिंत
(संस्थेच्या पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



हृदयावर बोलायचे तर शायरांनी बोलावे आणि त्याच्या रोगावर डॉक्टरांनी. मी शाळामास्तर आहे, तोही बी.ए. झालेला. म्हणून मी हृदयाच्या एकाच भागाविषयी बोलणार आहे. तो भाग म्हणजे हृदयाच्या मधोमध असलेली भिंत.

माशाच्या हृदयात ही भिंत नसते. वर एक कप्पा, खाली एक कप्पा. रक्त हृदयातून निघते, कल्ल्यांत प्राणवायू घेते आणि तेथूनच परस्पर साऱ्या अंगात जाते. कल्ल्यांतील केसाहून बारीक नळ्यांतून जाताना त्याचा जोर ओसरतो. पुढचा प्रवास संथ. पाण्याने तोलून धरलेल्या माशाला तेवढे पुरते. बेडकाला फुप्फुसे आहेत. तेथून ताजे झालेले रक्त पुन्हा हृदयात येते. त्यासाठी वरचे कप्पे, म्हणजे अलिंद, दोन झाले. पण खालचा निलय एकच राहिला. त्यात ताजे रक्त आणि वापरलेले रक्त थोडेफार मिसळते. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, म्हणून त्याचे भागते. पालीच्या निलयात अर्धवट पडदा असतो. मगर, सारे पक्षी आणि सारे सस्तन प्राणी यांच्यात मात्र भिंत पूर्ण होते.

याला कारण आहे. ज्याला थंडीवाऱ्यातही आपले अंग ऊबदार ठेवायचे आहे, त्याचा प्राणवायूचा खर्च मोठा. त्याला मिसळलेले रक्त परवडत नाही. शिवाय फुप्फुसे नाजूक आहेत. डोक्यापासून पायापर्यंत रक्त पोचवण्यास लागणारा दाब त्यांना सोसवणार नाही. भिंत असल्यामुळे एकाच हृदयात दोन पंप झाले: उजवा फुप्फुसांसाठी, कमी दाबाचा, डावा शरीरासाठी, जोरकस. माणसाचा डावा निलय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त ढकलतो. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर पाच लिटर झाले. म्हणजे अंगातले जवळजवळ सगळे रक्त दर मिनिटाला एकदा फिरून येते.

हे पाहायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. बकऱ्याचे दिल आपल्या घरात नवीन नाही. कसाईभाईंना मात्र आधी सांगून ठेवावे लागते की वरच्या नळ्या ठेवा आणि चीर देऊ नका. नाहीतर ते सवयीने साफ करूनच देतात. उभे कापले की डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी जाड दिसते. शरीराकडे जाणाऱ्या मोठ्या नळीत वरून पाणी ओतले, तर आतल्या तीन खिशांसारख्या झडपा फुगून बंद होतात व पाणी अडते. मुले हे पाहून थक्क होतात. आणि मग मधली भिंत चाचपावी. बोटाला कोठेही वाट सापडत नाही.

ही साधी गोष्ट मान्य व्हायला शेकडो वर्षे लागली. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याने लिहिले होते की, या भिंतीला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे आहेत आणि त्यांतून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपते. गॅलेनचा अधिकार असा की पुढे सर्वांनी छिद्रे मानली. दमास्कसकडचे, पुढे कैरोत नाव कमावलेले हकीम इब्न अल्-नफीस यांनी इब्न सिना यांच्या 'कानून' ग्रंथातील शरीररचनेवर भाष्य लिहिले. साल १२४२, वय अवघे एकोणतीस. त्यात त्यांनी स्वच्छ सांगितले की ही भिंत घट्ट आहे. दिसणारी वाट नाही आणि गॅलेन म्हणतो तशी न दिसणारीही नाही. म्हणून रक्त उजवीकडून फुप्फुसांत जाऊन, तेथे हवेशी मिसळूनच डावीकडे येत असले पाहिजे.

आपल्या व्याख्यानांतून हे नाव अभिमानाने घेतले जाते. घ्यावे, पण पुरते घ्यावे. संपूर्ण शरीरातील रक्ताभिसरण त्यांनी सांगितलेले नाही. ते विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टराने १६२८ मध्ये, नाना प्राण्यांची हृदये तपासून आणि हिशेब मांडून सिद्ध केले. रक्त ज्या बारीक केशवाहिन्यांतून पलीकडे जाते, त्या मालपिघीने १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या. आणि आपल्या हकिमांच्या त्या पानाचे काय झाले? १९२४ मध्ये जर्मनीत शिकणाऱ्या मुहिउद्दीन अल्-ततावी या इजिप्शियन डॉक्टराने बर्लिनच्या ग्रंथालयातील हस्तलिखित वाचून त्यावर प्रबंध लिहिला, तेव्हा कोठे जगाचे लक्ष तिकडे गेले. ६८२ वर्षे! मला अभिमानापेक्षा या आकड्याचेच अधिक वाटते. ग्रंथ होता, वाचणारा नव्हता.

आता आपल्या घरातील गोष्ट. आईच्या पोटात मूल श्वास घेत नाही, म्हणून फुप्फुसांना वळसा घालण्यासाठी वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात एक झरोका असतो. जन्मानंतर तो मिटतो. बकऱ्याच्या हृदयातही त्या जागी खळगा दिसतो. काही बालकांत मात्र हा पडदा किंवा खालची भिंत अपुरी राहते. यालाच आपण दिलात छेद म्हणतो. तो कोणाची नजर लागून होत नाही, की ग्रहणात आईने सुरी धरल्याने होत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे, म्हणजे २०१३ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेचे, डॉक्टर सरकारी व अनुदानित शाळांत मुले तपासायला येतात. जन्मजात हृदयदोष त्या यादीत आहे आणि पुढील उपचारही मोफत आहेत. त्या दिवशी माझ्या वर्गात मुलींची हजेरी घटते. एका बाईंनी मला मोकळेपणाने कारण सांगितले: "सर, छेद निघाला आणि मोहल्ल्यात कळले, तर हिचा निकाह कसा जमेल?"

बाईंची काळजी खोटी नव्हती, म्हणून उत्तरही खरेच दिले पाहिजे. लहान छेद पुष्कळदा आपोआप बुजतात. काही छेद छाती न उघडता, मांडीच्या नीलेतून नळी नेऊन बंद करता येतात. काहींना शस्त्रक्रिया लागते. पण मोठा छेद तसाच ठेवला, तर डावीकडचे जोराचे रक्त वर्षानुवर्षे फुप्फुसांवर आदळते. तेथील नाजूक वाहिन्या जाड व कडक होतात. मग प्रवाहच उलटतो आणि ओठ निळे पडू लागतात. त्या अवस्थेत छेद बुजवून उपयोग नसतो, उलट धोका असतो. वेळ आहे ती त्याआधी. धावताना लवकर दम लागणे, वजन न वाढणे, वारंवार छातीत कफ होणे, ही लक्षणे असतील तर तपासणीच्या दिवसाचीही वाट पाहू नये. आणि नोंदीचा कागद वर्गात वाचून दाखवला जात नाही. तो पालकांच्या हाती दिला जातो, एवढी हमी मी माझ्या वर्गापुरती देतो.