लेओनचा गोलरक्षक



क्रीडांगणावर जयजयकार होतो तो गोल करणाऱ्याचा. गोलरक्षकाची आठवण लोकांना होते ती बहुधा त्याच्या हातून चेंडू निसटला म्हणजे. मेक्सिकोचा आंतोनियो कार्बाहाल याची कथा ऐकतांना एवढें ध्यानांत असूं द्यावें.

१९२९ सालीं मेक्सिको शहरांत जन्मलेला हा तरुण प्रथम एस्पान्या क्लबाकडून खेळे. १९५० सालीं त्या क्लबानें लीगमधून अंग काढून घेतलें, आणि कार्बाहाल लेओनला गेला. ग्वानाह्वातो प्रांतांतलें हें शहर कातडें कमावणाऱ्यांचें नि जोडे शिवणाऱ्यांचें. तेथें तो रमला, तो १९६६ मध्यें खेळ सोडीपर्यंत! १९५२ व १९५६ सालीं लेओननें लीगचें अजिंक्यपद मिळविलें, तेव्हां गोल राखावयास तोच होता.

राष्ट्रीय संघांत मात्र त्याच्या वांट्याला दुसरेंच कांहीं आलें. १९५० सालीं रिओच्या माराकाना मैदानावर जागतिक स्पर्धेचा पहिला सामना झाला. ब्राझीलनें ४ गोल चढविले. पुढें १९५४, १९५८, १९६२ आणि १९६६. पांच जागतिक स्पर्धांत खेळलेला तो जगांतला पहिला खेळाडू. सामने ११, खाल्लेले गोल २५, पराभव ८, विजय अवघा १! हे आंकडे पाहून कोणी हंसेल. परंतु १६ वर्षें निवड करणारे बदलत गेले, तरी गोलपाशीं उभा करावयास त्यांना हाच माणूस हवा होता, याचा अर्थ काय?

तो एक विजय सांगण्याजोगा आहे. ७ जून १९६२, चिलीमधील व्हिन्या देल मार. कार्बाहालला त्याच दिवशीं ३३ वर्षें पुरीं झालीं होतीं. पहिलें मिनिट सरतें न सरतें तोंच चेकोस्लोव्हाकियानें गोल केला. अशा वेळीं संघाचा धीर सुटावयाचा. पण मेक्सिकोनें उलट ३ गोल केले, आणि कार्बाहालनें पुन्हा चेंडू आंत जाऊं दिला नाहीं. जागतिक स्पर्धेंतला मेक्सिकोचा हा पहिलाच जय. स्पर्धेंतून मेक्सिको आधींच बाद ठरला होता हें खरें. परंतु हरलेला संघ त्याच स्पर्धेंत पुढें अंतिम सामन्यापर्यंत पोंचला, हेंहि विसरूं नये.

१९६६ सालीं वेम्ब्ली येथें उरुग्वेशीं शून्य-शून्य अशी बरोबरी झाली. जागतिक स्पर्धेंतल्या ११ सामन्यांपैकीं त्याच्यावर एकहि गोल न झालेला सामना हाच, आणि हाच शेवटचा. पुढें त्यानें लेओनच्या संघाला शिकविलें, मोरेलियाच्याहि. मे २०२३ मध्यें तो वारला, तो लेओनमध्येंच.