बोटीत पाय ठेवण्यापूर्वी



क्रूझच्या सहलीवर बोलायला कामगार संघटनेतल्या माणसाला बोलावले, याचे पुष्कळांना नवल वाटले असेल. सहलीवर बोलावे ते प्रवासवर्णने लिहिणाऱ्यांनी. पण व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय दिला तो असा, की नव्या क्रूझ कंपनीच्या बोटीने प्रथमच जायचे ठरले म्हणजे माणूस मनात काय काय धरून बसतो, आणि त्यातले काय धरावे. अपेक्षा हा तर आमचा रोजचा व्यवहार. मालक काय देईल, कबूल केलेले कागदावर उतरेल की हवेत विरेल, याचा हिशेब करण्यात आम्हा चळवळीतल्या लोकांचे आयुष्य जाते. तेव्हा आम्ही म्हटले, बोलू.

आणि हा विषय श्रीमंतांचाच आहे असेही आता राहिले नाही. पूर्वी फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे हाती आले की माणूस काशी-रामेश्वर करी. आता मुलगा-सून म्हणतात, आई-बाबा, एकदा बोटीने जाऊन या. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीतून उरलेले पैसे त्या तिकिटात जातात. म्हणून तिकिटाआधी जरा विचार केलेला बरा.

कोकणातल्या जुन्या माणसाला बोट म्हटली की भाऊचा धक्का आठवतो, वळकटी आठवते, बंदराबाहेर उभ्या आगबोटीला लागणारे पडाव आठवतात. त्या बोटीकडून अपेक्षा एकच, सुखरूप पोचवणे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून निघालेली 'रामदास' रेवसच्या वाटेवर बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, तेव्हा ती एकच अपेक्षा मोडली, आणि किनाऱ्यावरची गावेच्या गावे शोकात बुडाली.

सहलीच्या बोटीचे तसे नाही. ती बहुधा जिथून निघते तिथेच परत येते. पोचायचे कुठे नसतेच. या धंद्याची एक सुरुवात २२ जानेवारी १८९१ रोजी झाली असे सांगतात. हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीचे आल्बर्ट बालिन यांनी 'आउगुस्टा व्हिक्टोरिया' ही बोट २४१ उतारू घेऊन भूमध्य समुद्राच्या सुमारे दोन महिन्यांच्या सफरीवर काढली. कारण साधे होते. हिवाळ्यात अटलांटिक ओलांडणारे उतारू कमी, बोट धक्क्याला उभी. आणि उभी बोट म्हणजे बंद माग, व्याज खाते पण कापड देत नाही. तेव्हा बालिन यांनी प्रवास न विकता हौस विकली. मुक्काम विकायचा असेल तर बंदराचे नाव पुरते. हौस विकायची तर गिऱ्हाइकाच्या मनात अगोदर चित्र उभे करावे लागते. म्हणून या धंद्यातला पहिला माल म्हणजे अपेक्षा, आणि तो बोटीत पाय ठेवण्यापूर्वीच विकला जातो.

यात सगळेच वाईट आहे असे मात्र कोणी समजू नये. २०१० साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १,५३० माणसांची पाहणी प्रसिद्ध केली. सुटीवर जाणारी माणसे जाण्यापूर्वी इतरांपेक्षा अधिक सुखी आढळली. परत आल्यावर मात्र बहुतेकांत आणि घरी राहिलेल्यांत फरक उरला नाही. याचा अर्थ आमच्या भाषेत सांगायचा तर असा, की सहलीचे बरेचसे वेतन आगाऊ मिळते. महिनाभर आधी नकाशा काढून बसणे, शेजाऱ्याची बॅग मागून आणणे, समुद्र लागेल का म्हणून आवळासुपारी बांधून ठेवणे, हा सगळा त्या सुखाचाच भाग. त्यावर आमचा आक्षेप नाही. आमचे म्हणणे एवढेच, की आगाऊ रक्कम उचलताना पुढचा करार वाचावा.

मालकाशी बोलणी करायला बसण्यापूर्वी आम्ही एका कागदावर तीन रकाने आखतो. पहिल्यात करारात लिहिलेले, म्हणजे हक्काचे. दुसऱ्यात लिहिलेले नसूनही वर्षानुवर्षे चालत आलेले, म्हणजे रिवाजाचे. तिसऱ्यात मालकाच्या भाषणातले आणि भिंतीवरच्या रंगीत फलकावरचे. नव्या क्रूझ कंपनीने जाणाऱ्याने हाच कागद करावा. मग एक गोष्ट चटकन ध्यानात येते. कंपनी नवी आहे, म्हणून रिवाजाचा रकाना रिकामा. जुन्या कंपनीबद्दल चार जाऊन आलेले सांगतात. इथे सांगणारे कोणी नाही. रिकाम्या रकान्यात आपले मन तिसऱ्या रकान्यातला मजकूर भरून टाकते. फसगत होते ती तिथे.

एक घडलेली गोष्ट सांगतो. मार्च २०२३ मध्ये 'लाइफ ॲट सी' नावाची तीन वर्षांची जगप्रदक्षिणा जाहीर झाली. दर वर्षाला माणशी सुमारे ३०,००० डॉलरपासून पुढे. इस्तंबूलहून निघायचा दिवस १ नोव्हेंबर २०२३. लोकांनी पैसे भरले. काहींनी घरे विकली, काहींनी भाड्याने दिली. ठरलेली बोट लहान पडेल म्हणून मोठी बोट विकत घ्यायचे ठरले. त्या खरेदीचे पैसे उभे राहिले नाहीत, आणि ती बोट दुसऱ्याच कंपनीने घेतली. निघायची तारीख पुढे गेली, पुन्हा गेली, आणि नोव्हेंबरातच सफर रद्द झाली. तीन वर्षांच्या बंदरांची यादी तयार होती, खोल्यांची चित्रे तयार होती. फक्त बोट नव्हती. तिसरा रकाना काठोकाठ भरलेला आणि पहिल्यात पहिली ओळसुद्धा नाही, असा हा प्रकार.

पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका नव्या कंपनीची 'ओडिसी' ही बोट बेलफास्टहून ३० मे २०२४ ला जगाच्या फेरीवर निघायची होती. इथे बोट होती, पण ती १९९३ सालची. सुकाणूच्या भागात बिघाड निघाला, दुरुस्ती लांबत गेली, आणि चार महिने उतारू त्या गावात वाट पाहत राहिले. कंपनीने त्यांची राहण्याची सोय केली, दिवसा बोटीवर येऊन जेवायची मोकळीक दिली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बोट खरोखर मार्गी लागली. उशीर दोन्हीकडे झाला. फरक पडला तो उशीर झाल्यावर कंपनी कशी वागली यात. म्हणून तिकीट काढताना विचारायचा प्रश्न "जेवणात काय असते" हा नंतरचा. पहिला प्रश्न हा, की बोट निघाली नाही, एखादे बंदर गाळले, तर आमचे काय? अनेक कंपन्यांच्या तिकिटाच्या शर्तींत मार्ग बदलण्याचा आणि बंदर वगळण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे राखलेला असतो. हे बारीक टाइपात असते, म्हणून चष्मा लावून वाचावे.

दुसरा प्रश्न बोटीच्या वयाचा. नवी कंपनी म्हणजे नवी बोट नव्हे. मुंबईहून सप्टेंबर २०२१ पासून नव्या भारतीय कंपनीने ज्या 'एम्प्रेस' बोटीने सहली सुरू केल्या ती १९९० साली बांधलेली. यात गैर काही नाही. तेलपाण्यावर नीट राखलेला जुना माग नव्यापेक्षा सरळ चालतो, हे गिरणगावात कोणीही सांगेल. पण जुना आहे हे ठाऊक असावे. मग खोली लहान निघाली म्हणून कपाळाला हात लावायची पाळी येत नाही.

आणि पहिल्या सफरीवरून कायमचा निकालही देऊ नये. ११ मार्च १९७२ रोजी कार्निव्हल या नव्या कंपनीची पहिली बोट 'मार्डी ग्रा' मायामीहून पहिल्या सफरीला निघाली आणि बंदराच्या तोंडाशीच वाळूत रुतली. बोटीवर पाहुणे म्हणून आणलेले सुमारे ३०० प्रवासी एजंट! कंपनीची किती शोभा झाली असेल! पण तीच कंपनी पुढे या धंद्यातली जगातली सर्वांत मोठी झाली. उलट १९१२ साली ज्या बोटीकडून सर्वांत मोठ्या अपेक्षा होत्या, ती 'टायटॅनिक' पहिल्याच सफरीत गेली. बोटीवर सुमारे २,२०० माणसे. जीवरक्षक होड्यांत जागा १,१७८ जणांना.

श्रोतेहो, इथून आम्ही आमच्या मूळ मुद्द्यावर येतो. टायटॅनिक बुडून दहा दिवसही झाले नव्हते. २४ एप्रिल १९१२ रोजी तिचीच बहीण 'ऑलिंपिक' साउदॅम्प्टनहून सुटायची होती. घाईघाईने जादा होड्या चढवल्या होत्या, घडीच्या, जुन्या. भट्टीवरच्या कोळसेवाल्यांनी त्या पाहिल्या आणि ते बोटीवरून उतरले. या होड्या तरंगणार नाहीत, आम्ही येत नाही, म्हणाले. पुढे ५४ खलाशांवर हुकूम मोडल्याचा खटला झाला. न्यायाधीशांनी गुन्हा शाबीत धरला, पण शिक्षा न देता त्यांना सोडले. ती सफर रद्द झाली. वरच्या मजल्यावरच्या उतारूंना त्या दिवशी उशिराचा राग आला असेल. पण त्यांच्या जिवाची अपेक्षा कोणी बोलून दाखवली? तळघरात कोळसा ओढणाऱ्यांनी.

नव्या बोटीच्या शिडीवर दोन माणसे एकाच वेळी चढतात. एक आपण, तिकीट घेऊन. दुसरा तो पोरगा, नोकरी घेऊन. नवी कंपनी तोही पहिल्यांदाच पाहत असतो. रत्नागिरीकडचे खलाशी आणि गोव्याचे बटलर-स्टुअर्ड पिढ्यान्‌पिढ्या विलायती बोटींवर गेले. धोबीतलावच्या गावागावांच्या कुडांत त्यांनी बोटीची वाट पाहत दिवस काढले. आज त्यांची नातवंडे क्रूझवर खोल्या झाडतात, ताटे वाढतात. त्यांच्या अपेक्षेचा कागद कोण पाहतो?

सागरी कामगार करार नावाचा आंतरराष्ट्रीय करार २००६ साली झाला, २० ऑगस्ट २०१३ पासून अमलात आला, आणि भारताने तो २०१५ साली मान्य केला. त्यात विश्रांतीची किमान मर्यादा आहे, चोवीस तासांत १० तास आणि आठवड्यात ७७ तास. आठवड्याचे तास १६८. वजाबाकी आपण करा. उरतात ९१. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. म्हणजे करार पाळूनसुद्धा त्या पोराकडून जवळजवळ दुप्पट काम घेता येते. त्याच करारात हेही आहे, की नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायचे नाहीत. पारपत्र, वैद्यकीय दाखला आणि खलाशी-पुस्तिका एवढाच खर्च त्याचा. या सभेत ज्यांचा मुलगा-भाचा बोटीवर जायला निघाला असेल त्यांनी हे वाक्य लिहून घ्यावे. भरतीसाठी लाखभर मागणारा एजंट म्हणजे पहिल्या रकान्यावर बोळा फिरवणारा माणूस.

अपेक्षा मोडली की दोघांची एकदम मोडते. जून २०२० मध्ये, साथीच्या काळात, इंग्लंडच्या टिलबरी बंदरात एका क्रूझ कंपनीच्या बोटी तिथल्या सरकारी खात्याने अडकवून ठेवल्या. तपासात निघाले ते हे, की नोकरीचे करार मुदत संपलेले, पगार उशिरा, आणि काही माणसे बारा महिन्यांहून अधिक काळ बोटीवरच. त्यांत भारतीय खलाशी पुष्कळ होते. महिनाभरात कंपनी कोसळली, आणि तिकिटे काढून बसलेले उतारूही लटकले. पगार वेळेवर होतो की नाही ही खलाशाची चौकशी वाटते. खरे तर उतारूलाही कंपनीची नाडी तिथेच लागते.

आता बोटीच्या बिलातला एक शब्द. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने ग्रॅच्युइटी हा कामगाराचा हक्क झाला. क्रूझच्या बिलात हाच शब्द बक्षिशीसाठी येतो. अनेक कंपन्या रोज माणशी ठरावीक डॉलर त्या नावाने बिलाला जोडतात. काही उतारू मोठ्या अभिमानाने ती रक्कम काढून टाकायला लावतात. त्यांना आमची विनंती, की ज्याला ९१ तास राबवता येते त्याच्या ताटातून काटकसर करू नका. हे पैसे तिकिटाच्या हिशेबात अगोदरच धरून चला.

आणि मस्टर. गिरणीत मस्टर म्हणजे हजेरीचे पुस्तक. बोटीवर मस्टर म्हणजे संकटात कुठे जमायचे त्याची कवायत. १३ जानेवारी २०१२ रोजी 'कोस्टा काँकॉर्डिया' इटलीजवळ खडकावर आदळली, ३२ माणसे गेली. त्याच दिवशी चढलेल्या उतारूंची कवायत तोवर झालीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला. २०१५ पासून ही कवायत बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावी लागते. त्या वेळी पुष्कळ लोक खाद्यपदार्थांच्या टेबलाकडे असतात. तुम्ही तिथे नसावे. ही एक अपेक्षा अशी आहे, की ती कंपनीने आपल्याकडून करायची आणि आपण पुरी करायची.

श्रोतेहो, हौस करावी. कष्टकरी माणसाने तर अवश्य करावी. समुद्रावर सूर्य मावळताना पाहायचा हक्क काही कोणा एका वर्गाला आंदण दिलेला नाही. पण बोटीत पाय ठेवण्यापूर्वी तीन रकान्यांचा कागद खिशात असावा, आणि त्याच्या मागल्या बाजूला खोली झाडणाऱ्या पोरासाठी एक ओळ असावी. त्याला नाव विचारा, मराठीत नाही तर हिंदीत बोला, आणि पगार वेळेवर होतो ना, एवढे पुसा. नव्या कंपनीची खरी माहिती कोणत्याही पुस्तिकेपेक्षा त्याच्या उत्तरात अधिक मिळेल.