निरोगी दिसणारा उंदीर



१९६५ साली नागपुरात तापाची मोठी साथ आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने इथल्या रुग्णांचे रक्तनमुने तपासले. साथ चिकनगुन्या आणि डेंगीची निघाली; पण दोन रुग्णांच्या रक्तात एक अनोळखी विषाणू सापडला. इथल्या चांदीपुरा गावाचं नाव त्याला मिळालं. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना मेंदूज्वर झाला, त्यातली १८३ दगावली, तेव्हा हेच नाव पुन्हा पुढे आलं.

त्या काळी ताप कशाचा हे शोधायची एक रूढ पद्धत होती. रुग्णाचं रक्तद्रव उंदराच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांच्या मेंदूत टोचायचं आणि वाट बघायची. पिल्लू लुळं पडलं, की विषाणू सापडला. पण कोणाचा? रुग्णाचा, की त्या पिल्लाला आईकडून लागलेला? हा प्रश्न कल्पनेतला नाही. पीतज्वरावर काम करणाऱ्या मॅक्स थायलर यांना १९३४ च्या सुमारास उंदरांचाच, त्यांना पक्षाघात करणारा विषाणू आढळला. पुढे पीतज्वराच्या लशीसाठी १९५१ चं नोबेल मिळवणारा हा माणूस. पण पिंजऱ्यातला विषाणू वेगळा ओळखण्याची त्यांची सावधगिरी मला तितकीच मोठी वाटते.

सभागृहातून निघालात, की इतवारीच्या धान्यबाजारातून जाल. गोण्यांच्या थप्प्यांमागे जो घरउंदीर वावरतो, प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर त्याचाच भाऊबंद. एकाचे विषाणू दुसऱ्याला लागतात. म्हणून उंदरांचं खाद्य आणि पिंजऱ्यात अंथरायचं भाताचं तूस आधी ऑटोक्लेव्ह करायचं. पार्व्होविषाणू तर इतका चिवट, की अंगाबाहेरही दीर्घकाळ टिकतो.

बरं, उंदीर बघून काही कळतं का? बहुतेकदा नाही. उंदरांच्या देवीचा विषाणू बाल्ब-सी जातीत शिरला तर पिंजरेच्या पिंजरे मरतात. ब्लॅक-सिक्स जातीत तोच शिरला तर उंदीर खाऊनपिऊन टुणटुणीत राहू शकतात आणि आजार पसरत राहतो. अशा उंदरांवर तुम्ही औषध तपासता, आकडे मिळतात, शोधनिबंधही छापून येतो.

यावर उपाय म्हणजे पहारेकरी उंदीर. पिंजरे बदलताना दर वेळी प्रत्येक पिंजऱ्यातलं थोडं मळलेलं तूस त्यांच्या पिंजऱ्यात टाकायचं, काही आठवड्यांनी त्यांचं रक्त काढून प्रतिपिंडं शोधायची. उंदरांच्या हेपटायटिसचा विषाणू विष्ठेतून पसरतो, त्यामुळे तो असा पकडता येतो. सेंडाई विषाणू मात्र श्वासातून पसरतो. तुसातून तो पहारेकऱ्यापर्यंत सहसा पोचतच नाही. आणि ज्या जातींत प्रतिकारशक्तीच नाही, त्यांच्या रक्तात प्रतिपिंडं कुठून येणार? तिथे पीसीआरच हवा. हल्ली पिंजऱ्यांच्या रॅकमधून बाहेर जाणाऱ्या हवेतली धूळ टिपूनही पीसीआर करतात. ही पद्धत मला आवडते, कारण तिच्यामुळे कित्येक पहारेकरी उंदरांचे जीव वाचतात.

तुमच्यातले काही जण संशोधनात जातील. पहिला प्रयोग मांडण्याआधी ॲनिमल हाऊसचा आरोग्य अहवाल मागा. कोणते विषाणू तपासले, कोणत्या पद्धतीने, शेवटचं कधी, हे विचारा. रोज पिंजरे बदलणाऱ्या कर्मचाऱ्याशी बोला. पिल्लं कमी होताहेत, केस पिंजारलेत, हे सगळ्यांत आधी त्याच्या नजरेला पडतं.

आणि अहवालात संसर्ग निघाला, तर तो दडवू नका. आख्खी वसाहत मोडावी लागेल, भ्रूण धुऊन ते निरोगी मादीत रोपावे लागतील, वर्ष हातचं जाईल. मार्गदर्शक नाराज होतील. तरीही तुमच्याकडून ज्यांनी ज्यांनी उंदीर नेलेत, त्या प्रत्येक प्रयोगशाळेला त्याच दिवशी कळवा. त्यांच्या पिंजऱ्यांत तो विषाणू अजून पसरायचा असेल.