दिवा पिवळा की पांढरा? चौक-कर्जत रस्त्यावरचा प्रश्न

आज बोलूया हेडलाइटबद्दल.

रात्री चौकहून कर्जतकडे निघालात की समोरून पांढराफटक एलईडी येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. आता हिशेब करा. ताशी 60 चा वेग म्हणजे सेकंदाला जवळपास 17 मीटर. तीन सेकंद दिसलं नाही, तर 50 मीटर गाडी आंधळीच धावली. त्या 50 मीटरात कडेने कुणी चालत घरी जात असेल तर?

मग पिवळा दिवा बरा का? हॅलोजन साधारण 3200 केल्विनचा, पिवळसर. एलईडी बहुतेक 6000 च्या आसपास, निळसर. उजेड तेवढाच असला तरी निळसर जास्त खुपतो, वयस्कर डोळ्यांना तर फारच. पण चालवणाऱ्याला त्यात रस्त्याची कड बरी दिसते. म्हणजे फायदा त्याचा, त्रास समोरच्याचा!

‘पिवळा धुकं कापतो’ असंही म्हणतात. फ्रान्समध्ये 1936 पासून 1993 पर्यंत पिवळ्याची सक्तीच होती. पण बोरघाटातल्या धुक्याचे थेंब एवढे मोठे, की सगळे रंग सारखेच विखुरतात. फॉगलॅम्प उपयोगी पडतो, कारण तो खाली बसवलेला असतो.

तेव्हा रंगापेक्षा दिव्याचा रोख बघा. हॅलोजनच्या दिव्यात बाजारातला एलईडी बल्ब घातला की झोत भलतीकडे फाकतो. तो काढा, रोख नीट करून घ्या. आणि समोर गाडी दिसली की डिपर द्या. नजर आपल्या डाव्या कडेवर ठेवा, वेग उतरवा.

भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा!