डिक लबो यांची बचावफळी
अमेरिकन फुटबॉलमधले बचावपटू डिक लबो यांना १९५९ मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सनं निवडलं आणि सराव शिबिरातूनच घरी पाठवलं. डेट्रॉईट लायन्सनं मात्र त्यांना ठेवून घेतलं. तिथल्या १४ हंगामांत त्यांनी प्रतिस्पर्ध्यांचे ६२ पास मधल्यामध्ये पकडले. पण मला त्यांच्यातला प्रशिक्षक अधिक मोठा वाटतो. सिनसिनाटीत त्यांनी ‘झोन ब्लिट्झ’ घडवला: अंगावर चालून येणार असं वाटणारा गडी अचानक मागे सरकतो आणि धावून येतो भलताच. २००९ च्या सुपर बोलमध्ये पिट्सबर्गचा जेम्स हॅरिसन असाच मागे सरकला, गोललाईनवर पास पकडला आणि जो सुटला तो १०० यार्ड धावून थेट टचडाऊनच! या बचावफळीचे प्रशिक्षक होते ७१ वर्षांचे लबो. पुढच्याच वर्षी ते हॉल ऑफ फेममध्ये गेले, तेही खेळाडू म्हणून.