बोललेलं आणि लिहिलेलं

विरार लोकलमध्ये कानात इयरफोन घालून ऐकताय ना? मग सांगा, घराच्या वाटण्या झाल्या की नवा संसार उभा करायला पैसा कोण देतो?

१ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून आपला पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याच्या दोनच महिने आधी, २ जूनला, आंध्र प्रदेशातून तेलंगणा वेगळं झालं. हैदराबादसारखं कमावतं शहर तेलंगणाकडे गेलं आणि आंध्रला राजधानीही नव्याने बांधायची वेळ आली.

त्याच वर्षी २० फेब्रुवारीला पंतप्रधान मनमोहन सिंग राज्यसभेत म्हणाले होते, आंध्रला पाच वर्षं विशेष दर्जा देऊ. हा दर्जा असला की केंद्राच्या योजनांचा साधारण ९० टक्के खर्च केंद्रच उचलतं. पण ही गोष्ट पुनर्रचना कायद्यात लिहिलीच गेली नाही. सरकार बदललं. २०१६ मध्ये दर्जाऐवजी पॅकेज मिळालं.

याउलट पोलावरम धरण कायद्यात 'राष्ट्रीय प्रकल्प' म्हणून लिहिलेलं होतं. उशीर झाला, वाद झाले, पण केंद्राला हात झटकता आले नाहीत.

जिल्हा नवा झाला तर असा कायदा संसदेत होत नाही, ते राज्याचं काम. आपलं जिल्हा मुख्यालय सिडकोने जमिनीच्या बदल्यात बांधलं, आणि उद्घाटनाला २०२१ उजाडलं.

म्हणून स्टेजवरून कुणी 'देऊ' म्हणालं, की एवढंच विचारा: कुठे लिहिलंय?

भेटू पुढच्या भागात!