ग्रुपवरचं ते रेकॉर्डिंग

(स्नेहमेळाव्याच्या पहिल्या दिवशी दुपारच्या सत्रात केलेलं मनोगत)



संयोजकांनी मला सांगितलंय, "जेवणानंतरची वेळ आहे, लोक पेंगतात, काहीतरी हलकंफुलकं बोल." म्हणून झोपेवरच बोलतो. खरं तर माझ्या घोरण्यावर.

पाच वर्षांपूर्वीच्या मेळाव्याला आपण मुक्कामाला होतो, आठवतंय ना? हॉलमध्ये ओळीने गाद्या घातल्या होत्या. पहाटे मी उठलो तेव्हा माझ्या बाजूच्या चारही गाद्या रिकाम्या होत्या आणि मंडळी व्हरांड्यात शाली पांघरून बसली होती. रात्री कुणीतरी माझ्या उशाशी मोबाइल धरून चार मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं आणि आपल्या ग्रुपवर टाकलं. वर लिहिलं होतं, 'घाटात अडकलेला ट्रक'. हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यात एक चेहरा मीही टाकला. खोटं कशाला सांगू, थोडं लागलं होतं.

दोन दिवसांनी आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीचा फोन आला. ती डॉक्टर आहे. "माझं नाव घेतलंस तर बघ," अशी तिने तंबी दिली आहे, म्हणून घेत नाही. ती म्हणाली, "ते रेकॉर्डिंग मी तीनदा ऐकलं. घोरण्याचं सोड. मध्येमध्ये आवाज बंद होतो ना, तिथे घड्याळ लावून बघ."

मी लावलं. एक शांतता बावीस सेकंदांची होती, दुसरी एकतीस. त्यानंतर गुदमरल्यासारखा मोठा आवाज आणि पुन्हा ट्रक सुरू. ग्रुपवर सगळ्यांना हसू आलं होतं ते त्या मोठ्या आवाजाचं. शांततेत मात्र माझा श्वास थांबलेला होता.

हे मी बायकोला सांगितलं. मला वाटलं होतं ती घाबरेल. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला माहीत आहे. आठ वर्षं मी तेच ऐकते आहे." पुढचा श्वास येईपर्यंत ती जागी असायची. फार लांबलं की कोपराने ढोसून म्हणायची, "अहो, कूस बदला." सकाळी मला काही आठवायचं नाही. तिने विषय काढला की मीच उलट बोलायचो, "मी डाराडूर झोपतो, झोप तुलाच लागत नाही." मित्रांनो, आमच्या घरात ज्याला झोपेचा आजार होता तो झोपत होता आणि जिला काही झालं नव्हतं ती जागत होती.

लक्षणं होतीच. सकाळी डोकं जड. रात्रीतून तीनदा लघवीला उठणं. रक्तदाबाच्या दोन गोळ्या घेऊनही तो खाली येत नव्हता. मीटिंगमध्ये डुलक्या. हे सगळं मी वयाच्या नावावर खपवत होतो. एकदा साताऱ्याहून पुण्याला येताना मी गाडी चालवत होतो. खंबाटकीचा बोगदा संपला आणि पुढचं वळण मला दिसलंच नाही, कारण डोळे मिटले होते. बायको ओरडली, "अहो!" गाडी कठड्यापासून हातभर अंतरावर वळली. तेव्हाही मी काय म्हणालो? "दुपारचं जेवण जड झालं."

त्या फोननंतर मात्र तपासणी केली. अंगाला, डोक्याला वायरी लावून एक रात्र झोपवतात. प्रत्येक तासाला श्वास किती वेळा अडतो ते मोजतात. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ अडला तर एक नोंद. तासाला पाचाच्या आत असेल तर ठीक, तीसच्या वर म्हणजे तीव्र. माझे भरले सेहेचाळीस. दहावीला गणितात एवढे मिळाले असते तर वडिलांनी पेढे वाटले असते! रक्तातला ऑक्सिजन एकदा एकाहत्तर टक्क्यांवर गेला होता. या आजाराचं नाव स्लीप अॅप्निया. फेब्रुवारी २०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले, तेव्हा त्या बातम्यांमध्ये हा शब्द आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल.

विज्ञानाचे सर समोर बसले आहेत, म्हणून जरा जपून सांगतो. झोपल्यावर घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या घशाची वाट तेव्हा ओल्या रबरी नळीसारखी आतून चिकटते. छाती हवा ओढत राहते, पण हवा आत जात नाही. ऑक्सिजन उतरतो, मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, क्षणभर जाग येते, वाट उघडते. आपल्याला त्याचा पत्ता नसतो. माझ्या मेंदूची रात्रभर हीच रखवाली चालली होती, मग दिवसा तो डुलक्या घेणारच.

यावरचं यंत्र म्हणजे सीपॅप. नाकावर मास्क लावायचा, नळीतून यंत्र हवेचा हलका दाब देत राहतं आणि त्या दाबाने घशाची वाट उघडी राहते. आपण दहावीच्या वर्गात बसलो त्या १९८१ सालीच सिडनीच्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी हा उपाय जगापुढे मांडला. व्हॅक्यूम क्लीनरची मोटर घेऊन त्यांनी सुरुवात केली होती.

यंत्र घरी आलं आणि माझी खरी परीक्षा सुरू झाली. पहिल्या रात्री वाटलं, स्कूटरवर तोंड उघडं ठेवून बसलो आहे. घसा कोरडा पडला. मास्कची कड सुटून हवा डोळ्यांत जायची. सकाळी नाकावर लाल वळ, ऑफिसात जो तो विचारणार, "काय लागलं?" चार दिवसांत मी युक्ती काढली. बायको झोपेपर्यंत मास्क लावायचा, मग हळूच काढून ठेवायचा. सकाळी विचारलं की "हो, लावला होता."

महिन्याने डॉक्टरांनी यंत्रातलं कार्ड काढून संगणकात घातलं आणि म्हणाले, "रोजचा सरासरी वापर एक तास चाळीस मिनिटं." बायको शेजारीच बसली होती. शाळेत मागच्या बाकावरून आपण एकमेकांची हजेरी लावायचो. या यंत्राला तसली हजेरी चालत नाही!

घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही. दारात चप्पल काढताना एवढंच म्हणाली, "यंत्र आलं त्या रात्रीपासून मी झोपायला लागले होते. मला वाटलं, आता कुणीतरी लक्ष ठेवतंय."

त्या दिवसापासून मी नीट सुरुवात केली. काय उपयोगी पडलं ते सांगतो, कारण यातल्या निम्म्या अडचणींवर उत्तरं असतात आणि आपण विचारत नाही. मी तोंडाने श्वास घेतो, त्यामुळे नुसत्या नाकाचा मास्क मला चालत नव्हता. नाक-तोंड दोन्ही झाकणारा घेतला. हवेला ओलावा देणारी टाकी जोडली, घशाची कोरड गेली. दाब एकदम न येता वीस मिनिटांत हळूहळू चढेल अशी सोय यंत्रातच होती, ती चालू केली. आणि रोज संध्याकाळी बातम्या बघताना अर्धा तास मास्क लावून बसायचं, म्हणजे सवय होते. नातू पहिल्यांदा बघून रडला, आता 'आजोबा पायलट' म्हणतो. तीन महिन्यांत सहा तासांवर आलो. आता त्या नोंदी तासाला तीनवर आहेत. रक्तदाबाची एक गोळी डॉक्टरांनी कमी केली. रात्री वीज गेली की यंत्र बंद पडतं, म्हणून इन्व्हर्टरला जोडलं आहे.

यंत्र सगळ्यांनाच लागतं असं नाही. वजन कमी करणं, कुशीवर झोपणं, रात्रीची दारू सोडणं याचा अनेकांना फायदा होतो. आजार सौम्य किंवा मध्यम असेल तर दातांवर बसवायचं जबडा पुढे धरणारं साधन काहींना पुरतं. क्वचित शस्त्रक्रिया करतात. ते डॉक्टर ठरवतील. प्राणायामाबद्दल मला बऱ्याच जणांनी सांगितलं. तो मी रोज करतो, पण झोपल्यावर तो कोण करणार? आणि हा आजार जाड्या पुरुषांचाच असतो असंही समजू नका. बारीक माणसांना होतो, पाळी गेल्यावर बायकांमध्येही वाढतो.

सगळ्यांत अवघड गेली ती लाज. पाहुणे आले की यंत्र कपाटात. भाच्याच्या लग्नाला मुक्काम टाळून रात्रीच परत आलो, का तर पाहुण्यांच्या खोलीत मास्क दिसायला नको. चष्मा लावायची मला लाज वाटत नाही, कवळीचीही फारशी नाही. मग श्वास घ्यायचीच का वाटावी? याचं उत्तर सापडायला मला दोन वर्षं लागली. तुम्ही एवढी लावू नका.

घोरणारा प्रत्येक जण आजारी नसतो. पण घोरणाऱ्याला स्वतःचं काहीच ऐकू येत नाही, ते शेजारच्यालाच कळतं. म्हणून घरी गेल्यावर तुमच्या शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारा, "माझा श्वास मध्ये थांबतो का?" आणि काय उत्तर येईल त्यावर चिडू नका.

आज रात्री मुक्काम आहे. माझ्या खोलीतल्या तिघांनी घाबरू नये, यंत्र सोबत आणलं आहे. फक्त पलंगाजवळचा एक प्लग मला सोडा. आणि रात्री कुणाच्या घोरण्याचं रेकॉर्डिंग करायचं असेल तर जरूर करा. ग्रुपवर टाकण्याआधी एकदा पूर्ण ऐका, आणि मध्ये शांतता आढळली तर सकाळी चहाच्या वेळी त्याला बाजूला घेऊन सांगा. माझ्यासाठी कुणीतरी तेवढं केलं, म्हणून मी आज इथे उभा आहे.